हरकत नसलेले शास्त्रज्ञ

देशाचं भवितव्य सहावी ते आठवीच्या वर्गांत घडतं. त्याआधीची मुलं फार लहान असतात आणि त्यानंतरची क्लासला जातात. या मधल्या तीन वर्षांत मुलांच्या मनात विज्ञान-तंत्रज्ञानाची ज्योत पेटवली तर राष्ट्राला महासत्ता होण्यापासून कोणीही रोखू शकत नाही, असं एका परिपत्रकात म्हटलं होतं. ज्योत अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत पेटवून दोन छायाचित्रांसह अहवाल पाठवावा, असंही त्याच परिपत्रकात खाली म्हटलं होतं.

परिपत्रक कोपरखैरण्यातल्या एका शाळेत पोचलं. मुख्याध्यापिका तेजश्रीबाईंनी सातवीच्या पालकांच्या ग्रुपवर विचारलं, कोणाच्या ओळखीत कोणी आहे का? अर्ध्या मिनिटात ईश्वरीच्या बाबांचं उत्तर आलं, 'आमच्या सोसायटीत सायंटिस्ट आहेत. मी घेऊन येतो.'

ईश्वरीचे बाबा म्हणजे आशुतोष. ऐरोलीच्या एका आयटी पार्कात नोकरी आणि उरलेल्या वेळात सोसायटीचं सेक्रेटरीपद, अशी त्याची विभागणी होती. निदान ऑफिसला तरी असंच वाटत होतं. आणि सायंटिस्ट म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे मधुकर चेंदवणकर, वय एकाहत्तर. आशुतोष ही बातमी घेऊन वर गेला तेव्हा ते लसूण सोलत होते. दोन वाक्यं संपायच्या आत त्यांनी पाव किलो लसूण सोलून ताटलीत टाकला. एवढ्यावरून कोणालाही संशय यायला हवा होता. पण माणूस एकदा शास्त्रज्ञ ठरला की तो लसूणही शास्त्रीय पद्धतीनेच सोलणार, असं लोक धरून चालतात.

मधुकरराव खाडीपलीकडच्या एका मोठ्या सरकारी संशोधन केंद्रात एकतीस वर्षं नोकरीला होते, हे खरं आहे. ते तिथल्या उपाहारगृहात पर्यवेक्षक होते, हेही खरं आहे. पहिलं सत्य सोसायटीला माहीत होतं. दुसरं फक्त त्यांच्या बायकोला, वैजयंतीबाईंना.

यात मधुकररावांनी खोटं असं काही केलं नव्हतं. पंच्याण्णव साली ते इथे राहायला आले. सामान वर चढवत असताना समोरच्या ब्लॉकमधल्या हौसेरावांनी विचारलं, "नोकरी कुठं?" मधुकररावांनी केंद्राचं नाव सांगितलं. हौसेरावांनी हातातलं टेबलाचं टोक एकदम अदबीने खाली ठेवलं आणि पुढचं विचारलं, "आन् काम काय असतंय?"

"कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही, असं सही करून दिलेलं असतं."

हेही खरंच होतं. तिथे संचालकांपासून भांडी घासणाऱ्यांपर्यंत सगळेच ती सही करत. फक्त हा दुसरा तपशील मधुकररावांनी सांगितला नाही, कारण जिन्यात कपाट अडकलं होतं. कपाट निघेपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी गेली होती. मग उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता तीस वर्षं झाली.

या तीस वर्षांत सोसायटीने त्यांचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मायक्रोवेव्हमधलं अन्न खावं का, कूकरच्या शिट्या मोजून काढाव्यात का, गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवू द्यावा का, असे प्रश्न त्यांच्याकडे येत. मधुकरराव म्हणत, "बघू." टॉवरच्या वेळीही ते सर्वसाधारण सभेत "बघू" एवढंच म्हणाले होते, पण ते म्हणताना त्यांना ढेकर आला आणि ते जरा थांबले. त्या थांबण्याचा सभेने जो अर्थ घ्यायचा तो घेतला. टॉवर शेजारच्या सोसायटीवर गेला. भाडंही तिकडेच गेलं.

"मला काही भाषण-बिषण जमणार नाही," मधुकरराव आशुतोषला म्हणाले.

"काका, टेन्शन घेऊ नका. सातवीची पोरं आहेत. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी इन्स्पायर होतील. आणि आमच्या ईशूने काय केलंय, माहितीय ना?"

ईशूने निबंध लिहिला होता. 'माझे आवडते शास्त्रज्ञ'. बाकीच्या मुलांनी पुस्तकातले शास्त्रज्ञ घेतले. ईश्वरीने तिसरा मजला घेतला. निबंधाला वर्गात पहिला नंबर मिळाला होता आणि शेवटी तिने लिहिलं होतं की मी मोठेपणी चेंदवणकर आजोबांसारखी होणार. तोपर्यंत या मुलीला युट्यूबर व्हायचं होतं. त्यामुळे घरात निबंधाचं वाचन दोनदा झालं होतं, आणि आशुतोषच्या आईने फोनवरून तिसऱ्यांदा ऐकला होता.

आशुतोष गेल्यावर वैजयंतीबाई आतून आल्या.

"आता तरी सांगून टाका एकदाचं."

"कसं सांगू? ती पोरगी माझ्यासारखी होणार म्हणतेय."

"होऊ दे की. चार हजार माणसांना रोज वेळेवर जेवायला घातलंत. त्यात लाज कसली?"

"लाज नाही गं. उशीर झालाय."

वैजयंतीबाईंनी लसणाची ताटली उचलली. "मी खोटं बोलणार नाही हं. कोणी विचारलं तर सांगेन." गेल्या तीस वर्षांत त्यांना कोणीही विचारलं नव्हतं. शास्त्रज्ञाच्या बायकोला लोक भाजीचा भाव विचारतात.

मधुकररावांनी पहिला प्रयत्न तब्येतीचा केला. गुडघा दुखतो, असं ते लिफ्टमध्ये म्हणाले. संध्याकाळपर्यंत चार प्रकारची तेलं घरी आली. हौसेरावांचा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गाळा होता आणि गाव साताऱ्याकडे. त्यांनी तेल न आणता स्वतःलाच आणलं. "साहेब, गुडघ्याचं काय घिऊन बसलाय? खुर्चीत बसून बोला. ज्ञान काय गुडघ्यात आसतं व्हय?" शिवाय जाता जाता शाळेत व्हीलचेअर आहे का, याचीही चौकशी त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी गुडघा बरा झाला.

मग मधुकररावांना त्यांचं ब्रह्मास्त्र आठवलं. परवानगी.

"आम्हाला असं कुठेही जाऊन बोलता येत नाही," त्यांनी आशुतोषला गंभीरपणे सांगितलं. "केंद्राची परवानगी लागते. लेखी."

आशुतोष या वाक्याने फारच खूश झाला. गोपनीयता जितकी जास्त, तितका पाहुणा मोठा. "मागवून घ्या ना काका! अजून तीन आठवडे आहेत."

मधुकररावांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. अर्ज लिहिताना त्यांचा हात हलका होता. आपल्या जुन्या कार्यालयावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. उपाहारगृहातला पाण्याचा कूलर दुरुस्त करण्याच्या त्यांच्या अर्जाला चार वर्षांनी उत्तर आलं होतं, तेही 'कोणता कूलर?' असं. तीन आठवड्यांत उत्तर येणं अशक्य होतं. उत्तर आलंच तर नकाराचं यावं, म्हणून त्यांनी शाळेचं नाव, पूर्ण पत्ता, मुख्याध्यापिकेचं नाव आणि 'अल्पवयीन विद्यार्थ्यांसमोर जाहीर भाषण' असे सगळे भयंकर तपशील घातले. मग स्पीड पोस्टाने अर्ज टाकून ते घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी दुपारी शांत झोपले.

उत्तर सहाव्या दिवशी आलं.

पाकीट त्यांनी दारातच फोडलं. पत्र राजभाषेत, म्हणजे सरकारी हिंदीत होतं. त्याचा मराठीत अर्थ असा होता की, श्री. मधुकर चेंदवणकर यांनी आपली संपूर्ण सेवा उपाहारगृह विभागात केलेली असल्याने त्यांच्याकडे कोणतीही गोपनीय माहिती असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सबब त्यांच्या भाषणास हरकत नाही.

मधुकररावांनी पत्र 'उद्भवत नाही'पर्यंत वाचलं आणि घडी घातली. वास्तविक एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाने पत्र शेवटपर्यंत वाचायला हवं होतं. पण अपमान झाला की माणूस खालचा मजकूर वाचत नाही. प्रश्नच उद्भवत नाही! संचालकांना मधुमेह होता, हे संपूर्ण केंद्रात फक्त दोघांना माहीत होतं. एक डॉक्टर आणि दुसरे मधुकरराव, कारण बिनसाखरेचा चहा वर कोण पाठवत होतं? हे त्यांनी आजवर वैजयंतीबाईंनाही सांगितलं नव्हतं. आणि म्हणे गोपनीय माहिती नाही.

पत्र त्यांनी तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली ठेवलं.

"उत्तर आलं नाही," असं त्यांनी पुढच्या आठवड्यात आशुतोषला सांगितलं. गुडघा सोडला तर तीस वर्षांतलं हे त्यांचं पहिलं सरळ खोटं. बोलताना त्यांचे कान लाल झाले.

"मग प्रॉब्लेमच नाही!" आशुतोष म्हणाला. "नाही म्हटलं नाही म्हणजे हो. आमच्याकडे असंच चालतं."

त्या संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. 'ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ मा. मधुकरजी चेंदवणकर यांचे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन'. एका बाजूला रॉकेट, दुसऱ्या बाजूला मधुकरराव. फोटो सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक सहलीतला होता. मूळ फोटोत त्यांच्या हातात कणीस होतं, ते कापलं होतं, पण तोंड तसंच उघडं राहिलं होतं. अणूचा आणि रॉकेटचा संबंध काय, असं मधुकररावांना विचारावंसं वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. कारण उलट प्रश्न आला असता, तर त्यांनाही तो माहीत नव्हता.

मग कपड्यांची चर्चा झाली. सफारी, असं आशुतोषचं मत. सूट, असं हौसेरावांचं. "न्हाय तर त्यो पांढरा कोट घाला की साहेब. टीव्हीवर सगळे शास्त्रज्ञ त्योच घालत्यात."

वैजयंतीबाई आत गेल्या आणि कपाटातून एक पांढरा कोट घेऊन आल्या. कडक इस्त्रीचा. खिशावर केंद्राचं चिन्ह.

"ओरिजिनल!" आशुतोषने कोट दोन्ही हातांनी धरला. बाहीवर एक पिवळा डाग होता. आशुतोषने आवाज खाली आणला. "काका, हे केमिकल आहे?"

मधुकररावांनी डागाकडे पाहिलं. दोन हजार सालची आमटी. "हो," ते म्हणाले. "जात नाही."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ईश्वरी वही घेऊन आली. तिने बावीस प्रश्न काढले होते आणि आजोबांना उद्या अडचण होऊ नये म्हणून आधीच दाखवायला आणले होते.

"आजोबा, अणू दिसतो का?"

"मला तरी दिसला नाही."

"रेडिएशनची भीती वाटायची?"

"तेवढा वेळच मिळायचा नाही."

ईश्वरीने ते उत्तर अक्षरशः लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग म्हणाली, "आजोबा, माझी मैत्रीण क्षिप्रा म्हणते, सायन्स बोअर असतं, तुझे आजोबा खोटे असतील. मी तिला म्हटलं, उद्या ये आणि बघ." जाताना तिने खिशातून एक पेन काढून त्यांच्या हातात ठेवलं. "हे कोटाच्या खिशाला लावा. लीक होत नाही."

मधुकररावांनी पेन कोटाच्या खिशाला लावून पाहिलं. सोसायटीतली इभ्रत गेली तर गेली. एकाहत्तराव्या वर्षी इभ्रतीचं करायचं तरी काय? पण ही पोरगी उद्या सगळ्या वर्गासमोर खोटी पडणार होती.

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सातवीच्या दोन तुकड्या सतरंजीवर बसल्या होत्या. पहिल्या रांगेत ईश्वरी, शेजारी हाताची घडी घातलेली क्षिप्रा. मागे खुर्च्यांवर आशुतोष, हौसेराव आणि वैजयंतीबाई. दीपप्रज्वलनाच्या वेळी वरच्या पंख्याने ज्योत तीनदा विझवली. शेवटी पंखा बंद करून ज्योत पेटवण्यात आली आणि शिपायाने तिचे दोन फोटो काढले. तेजश्रीबाईंनी पाहुण्यांची ओळख करून दिली ती एका वाक्यात: "आपले आजचे पाहुणे श्री. चेंदवणकर, यांनी एका मोठ्या संशोधन केंद्रात एकतीस वर्षं सेवा केली." अणुशास्त्रज्ञ हा शब्द त्यांनी घेतला नाही. मधुकररावांच्या ते लक्षात आलं नाही, कारण तेव्हा ते सातवीच्या पुस्तकातला अणू आठवत होते.

"मुलांनो," ते माइकसमोर उभे राहून म्हणाले, "अणू हा अतिशय लहान असतो."

पुढचं वाक्य येईना. हॉल शांत. अणू किती लहान असतो, याची मुलं वाट पाहत होती. पाचेक सेकंदांनी मागून एका मुलाने हात वर केला. त्याचं नाव संघर्ष. प्रत्येक वर्गात एक असतो.

"सर, पण तुम्ही तिथे नक्की काय करायचात?"

"ए, असं विचारायचं नसतं," आशुतोष मागून घाईघाईने म्हणाला. "सिक्रेट असतं ते."

हीच वाट होती. 'सांगता येत नाही' एवढं म्हटलं की टाळ्या, नारळ आणि घर. मधुकररावांनी तोंड उघडलं. समोर ईश्वरीने वही उघडून पेन टेकवून ठेवलं होतं.

"इडल्या," मधुकरराव म्हणाले.

ईश्वरीने 'इडल्या' लिहिलं आणि मग वर पाहिलं.

"दर मंगळवारी इडल्या. बाकी दिवशी पोळी-भाजी, आमटी-भात. मी तिथल्या कॅन्टीनचा सुपरवायझर होतो. शास्त्रज्ञ नव्हतो. कधीच. फ्लेक्सवर चुकीचं लिहिलंय, आणि मी ते लिहू दिलं."

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. आशुतोषचं तोंड फ्लेक्सवरच्या मधुकररावांसारखं उघडं पडलं. क्षिप्राने हाताची घडी सोडली. आणि संघर्षने पुन्हा हात वर केला.

"किती इडल्या?"

"बारा हजार. माणशी तीन धरून."

"एका दिवशी?"

"एका सकाळी. आठ ते साडेनऊ."

"सर, पण मग पहिल्या इडल्या गार नाही होत?" हा प्रश्न क्षिप्राचा होता.

आता हा प्रश्न उशाशी घेऊन मधुकररावांनी एकतीस वर्षं काढली होती. त्यांनी माइक बाजूला सारला. इडल्या दर दहा मिनिटांनी ताज्या काढायच्या, तर गॅसवर एवढं पाणी उकळतच नाही, म्हणून बॉयलर. बॉयलरची वाफ पातेल्यातल्या वाफेहून गरम का असते. दाब जास्त झाला की इडली फुगायच्या ऐवजी वडी का होते. थंडीत पीठ वर का येत नाही आणि मे महिन्यात पातेल्याबाहेर का येतं. पिठात हे काम करतं कोण? "जंतू," मधुकरराव म्हणाले, "कोट्यवधी. त्यांना पगार नाही, रजा नाही, फक्त ऊब लागते." रोजच्या प्रत्येक पदार्थाचा नमुना फ्रीजमध्ये का ठेवायचा, कोणाचं पोट बिघडलं तर त्यावरून दोष कसा शोधायचा, हे त्यांनी सांगितलं. मग अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट सांगितली. सलग तीन मंगळवार पीठ फुगलं नाही. तीन खात्यांचे तीन मोठे शास्त्रज्ञ खाली आले. एकाने पाणी तपासलं, एकाने तांदूळ, एकाने कागदावर समीकरण मांडलं. शेवटी उरणहून येणारा सिताराम नावाचा आचारी पातेल्याला हात लावून म्हणाला, "गार हाय." नवा एक्झॉस्ट पंखा नेमका पातेल्यांच्या डोक्यावर बसवला होता.

"पण मग तो एकटाच बरोबर आणि बाकीचे चुकीचे?" ईश्वरीने विचारलं.

"छे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी हात उशिरा लावला, इतकंच."

घंटा झाली. कोणी उठलं नाही. एका मुलीला बॉयलर दुरुस्त करणाऱ्यांना काय म्हणतात ते हवं होतं, एकाला जंतूंवर नोकरी मिळते का ते. मिळते, मधुकरराव म्हणाले, त्यांचा अभ्यास करणारे लोक आमच्याकडे जेवायला यायचे. दुसरी घंटा झाल्यावर मुलांना अक्षरशः हाकलावं लागलं.

मधुकररावांनी कपाळ पुसलं. आता हिशेब मागच्या खुर्च्यांशी होता.

पहिले आले हौसेराव. ते संतापले होते.

"तुमी सांगायचं न्हाय का ओ? दोन हजार बारा साली माझ्या पोरीचं लगीन. केटररनं भात कच्चा ठिवला, जिलबी संपली, माझं डोळं पांढरं झालं. आन् तुमी, चार हजाराचं जेवण करणारा मानूस, पहिल्या पंगतीला बसून गप जेवत हुता!"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाईट? आवो, उठून भांडारात यायचं!"

आशुतोष फोनवर फ्लेक्स उतरवायला सांगत होता. फोन ठेवून तो मधुकररावांकडे वळला. मग त्याच्यातला सेक्रेटरी जागा झाला. "काका, गणपतीचा महाप्रसाद या वर्षी तुमच्याकडे. कमिटीने मागच्या वर्षी दीडशे लोकांत घोळ घातला."

एवढंच? मधुकररावांनी वैजयंतीबाईंकडे पाहिलं. त्या नारळ पिशवीत टाकत होत्या. तीस वर्षांत एवढी हलकी पिशवी आपण पाहिली नाही, असं मधुकररावांना वाटलं. खरं तर नारळ बऱ्यापैकी मोठा होता.

राहिली ईश्वरी. ती भिंतीला टेकून वही चाळत होती.

"रागावलीस?"

"निबंध परत लिहावा लागेल," ती म्हणाली. "तो सगळा मी इंटरनेटवरून लिहिला होता. त्यात तुमच्याबद्दल काहीच नव्हतं, नुसतं युरेनियम होतं." मग म्हणाली, "क्षिप्रा विचारतेय, उद्या पीठ भिजवून बघू का? एक पातेलं पंख्याखाली आणि एक आत."

"तीन ठेवा," मधुकरराव म्हणाले. "एक उन्हात."

ती पळाली. मधुकरराव तेजश्रीबाईंच्या केबिनमध्ये माफी मागायला गेले. बाई अहवालाला फोटो जोडत होत्या.

"बाई, मी आधीच सांगायला हवं होतं. मी कॅन्टीनमध्ये होतो."

"हो, माहितीय." बाईंनी फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. तेच पत्र. तोच 'उद्भवत नाही'. आणि तळाशी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात: प्रतिलिपि, म्हणजे या पत्राची प्रत, मुख्याध्यापिका, माहितीसाठी. "दोन आठवडे झाले येऊन."

मधुकरराव खुर्चीत बसले. "तरीही तुम्ही मला बोलावलंत?"

बाईंनी परिपत्रकाचा दुसरा परिच्छेद दाखवला. त्यात शास्त्रज्ञ असा शब्दच नव्हता. 'विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातील संस्थेत सेवा केलेली व्यक्ती' असं होतं.

गेल्या वर्षी त्याच केंद्राच्या स्टाफ-बसचे निवृत्त ड्रायव्हर येऊन गेले होते.